शंभर एरर, दोष एकच

लिनक्सवर एखादे पॅकेज सोर्स कोडपासून बांधताना पडदाभर एरर धावतात आणि नजर शेवटच्या ओळीवर जाते. ती फक्त काम थांबल्याचे सांगते. कारण बहुधा वर, पहिल्या एररमध्ये असते. जिनिंगमध्ये सरकी काढताना कापसात तिचे तुकडे राहिले, तर पुढे सूत तुटत राहते. दोष चातीचा नसतो. इथेही एक व्याख्या हरवली की तिच्या आधाराची प्रत्येक ओळ कंपायलरला चुकीची वाटते. बरेचदा हरवलेली असते हेडर फाइल. ‘पण लायब्ररी तर आहे, प्रोग्रॅम चालतात!’ आक्षेप रास्त आहे. चालवायला तयार मशीन कोड पुरतो. बांधायला मात्र हेडरमधली फंक्शनांची वर्णने लागतात आणि डेबियन, उबुंटूत ती सहसा ‘-डेव्ह’ शेपटीच्या वेगळ्या पॅकेजात असतात. सगळे असूनही अडले, तर कंपायलरचे वय पाहावे. २०२४च्या जीसीसी १४ या कंपायलरने सी भाषेत घोषणेविना फंक्शन वापरणे, जे आधी नुसत्या इशाऱ्यावर सुटायचे, थेट एरर ठरवले.