भालकीच्या दुकानात कायदा कुठला?

दोन भाऊ आहेत असं समजा. एक महाराष्ट्रातल्या उदगीरच्या कापड दुकानात, दुसरा कर्नाटकातल्या भालकीच्या. दोघांचा पगार सारखाच, 20,800 रुपये. उदगीरच्या भावाचे व्यवसाय करापोटी महिन्याला 200 रुपये कापले जातात, फेब्रुवारीत 300. भालकीच्या भावाचं काहीच कापलं जात नाही, कारण कर्नाटकात हा कर 25,000 रुपये पगारापासून पुढे लागतो. 1956 पर्यंत ही दोन्ही गावं एकाच बिदर जिल्ह्यात होती. घरात आजही तीच मराठी बोलली जाते, पण नोकरीचा कायदा सरहद्द ओलांडली की बदलतो.

मालक लातूरचा असो, नोकर देवणीहून रोज ये-जा करणारा असो, काम ज्या राज्यात होतं त्या राज्याचा कायदा लागू होतो. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद इथल्या दुकानांना आणि हॉटेलांना 1961 चा कर्नाटक दुकाने व वाणिज्य आस्थापना कायदा पाळावा लागतो. (कलबुर्गीच्या डाळ मिलचं गणित वेगळं, तिथे कारखान्यांचे नियम.) महाराष्ट्राने 2017 च्या कायद्यात लहान दुकानांना बरीच मोकळीक दिली. त्या ऐकीव माहितीवर भालकीकडचे दुकानदारही निर्धास्त राहतात, पण कर्नाटकात एक नोकर असला तरी कायदा लागतो. केंद्राच्या चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून आल्या, म्हणून 1961 चा कायदा गेला असंही काही जण सांगतात. तो राज्याचा कायदा आहे, संहितांनी तो रद्द केलेला नाही.

दुकान उघडल्यापासून तीस दिवसांत नोंदणीचा अर्ज करायचा. तो ई-कार्मिक पोर्टलवर होतो. पाटीवर साठ टक्के कन्नड हवं, तेही वरच्या भागात. मराठी नाव खाली लिहिता येतं. पाटीवरून होणाऱ्या भांडणांपेक्षा मला नेमणूकपत्र जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकं तेच कुणी देत नाही. कामावर घेतल्यापासून तीस दिवसांत ते लेखी द्यायचं असतं. त्यासाठी ‘क्यू’ नावाचा छापील नमुनाही ठरलेला आहे.

कामाचे तास दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस. सहा दिवस रोज नऊ तास भरले तर चोपन्न होतात, म्हणजे सहा तास जादा झाले. जादा तासाचे पैसे दुप्पट. आपल्या भालकीच्या भावाला सव्वीस दिवस, आठ तास या हिशेबाने तासाला 100 रुपये पडतात, तर जादा तासाचे 200. आता दिवाळीची गर्दी घ्या. सकाळी नऊला शटर वर, रात्री नऊला खाली. पाच तासांच्या आत तासभर सुट्टी द्यावीच लागते. ती वजा केली तरी काम अकरा तासांचं झालं, आणि जादा धरूनही दिवसाची मर्यादा दहाच तासांची आहे. म्हणजे दुप्पट पैसे मोजले तरी तो अकरावा तास बेकायदाच. तीन महिन्यांत एकूण जादा तास पन्नासपेक्षा जास्त चालत नाहीत.

आठवड्याला एक पगारी सुट्टी आहेच. शिवाय वीस दिवस काम केलं की एक दिवस रजा जमा होते, आणि आजारपणाच्या वर्षाला बारा रजा वेगळ्या. 1963 च्या सुट्ट्यांच्या कायद्याप्रमाणे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 1 नोव्हेंबर हे पाच दिवस ठरलेले, शिवाय सणांचे आणखी पाच. 1 नोव्हेंबरच्या राज्योत्सवाला सीमाभागात कुणाला काय वाटतं हा प्रश्न इथे येतच नाही. त्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट पगार द्यावा, नाहीतर बदली सुट्टी.

महाराष्ट्रातला नोकर ठेवता येतो का, हा आणखी एक प्रश्न. राज्यघटनेचं कलम 371-जे म्हणजे स्थानिकांनाच नोकरी, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. ते कलम कल्याण कर्नाटकातल्या (बिदर, कलबुर्गीकडच्या भागातल्या) सरकारी नोकऱ्या आणि शिक्षणातल्या जागांपुरतं आहे. खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देणारं, कन्नड येण्याची अट घालणारं विधेयक जुलै 2024 मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलं आणि ओरड होताच काही दिवसांत बाजूला ठेवलं.

राहिलं कामावरून काढणं. ‘उद्यापासून येऊ नको’ हे वाक्य सहा महिने सलग काम केलेल्या माणसाला लागू पडत नाही. सबळ कारण हवं, आणि महिनाभराची नोटीस किंवा तेवढा पगार. गैरवर्तनासाठी काढायचं असेल तर नोटिशीची गरज नाही, पण आरोप सांगून चौकशी करावी लागते. नोकराला याविरुद्ध अपील करता येतं. तिथे पहिला वाद तारखेवरच होतो: नेमणूकपत्र नसेल तर सहा महिने मोजायचे कुठून? रोख पगार घेणाऱ्याकडे दाखवायला काही नसतं. बँकेत पगार जमा होत असेल, तर पासबुकातली पहिली नोंद कामी येते.