जावा साहाय्यक संग्रह

जावा या संगणक भाषेत वारंवार लागणारी लहानसहान कामे करणाऱ्या तयार आज्ञावलींचा समूह. व्यवहारात यास ‘युटिलिटी लायब्ररी’ म्हणतात. जावा ही भाषा अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉस्लिंग व त्यांचे सहकारी यांनी विकसित केली. तिची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये उपलब्ध झाली.

अशा संग्रहाची दोन अंगे असतात. मूळ आज्ञावली (सोर्स कोड) संगणकाने काय करावयाचे ते सांगते. तर प्रलेखन, घटकास कोणती माहिती द्यावी व तो काय परत करील, हे माणसास सांगते. जावामध्ये प्रलेखन मूळ आज्ञावलीतच, त्या त्या घटकाच्या आधी टिपणांच्या रूपाने लिहितात. ‘जावाडॉक’ हे साधन ही टिपणे वेचून वाचनीय पाने तयार करते. आज्ञावली चालविताना संगणक टिपणांकडे लक्ष देत नाही. त्यामुळे आज्ञावली बदलली आणि टिपण जुनेच राहिले, तरी यंत्राकडून ती चूक उघड होत नाही.

अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेचा ‘कॉमन्स लँग’ हा असा एक प्रसिद्ध संग्रह होय. त्यातील शब्द उलटा करणारा घटक हे काम जावाच्या अंगभूत घटकाकडेच सोपवितो. प्रलेखनातील उदाहरणात ‘बॅट’ या तीन रोमन अक्षरांच्या इंग्रजी शब्दाचा ‘टॅब’ होतो. देवनागरीत मात्र व्यंजन व स्वरचिन्ह यांना स्वतंत्र संकेतांक असतात. मुंबईच्या उपनगरातील ‘गोरेगाव’ हे नाव वाचकास चार अक्षरांचे वाटते. जावा त्याची लांबी सात मोजते. ते उलटे केल्यास ‘वगारेगो’ न मिळता ‘वागेरोग’ मिळते, कारण प्रत्येक स्वरचिन्ह भलत्याच व्यंजनास चिकटते. पहिली तीन चिन्हे घेतल्यास ‘गोर’ एवढेच उरते. ठरावीक लांबीच्या रकान्यात नावे बसविताना ती अशीच विद्रूप होऊ शकतात.

येथे आज्ञावली बिघडलेली नसते. ‘अक्षर’ या शब्दाचा अर्थ यंत्रास व वाचकास भिन्न असतो. वाचकास एकसंध वाटणारे चिन्हसमूह ओळखण्यासाठी जावामध्ये ‘ब्रेक आयटरेटर’ हा वेगळा घटक आहे. तो केव्हा वापरावा, हे प्रलेखन बारकाईने वाचल्यावरच कळते. कॉमन्स लँगची मूळ आज्ञावली सर्वांस खुली असल्याने प्रलेखनात जे सांगितलेले नाही, ते तीत पडताळून पाहता येते.