पाणबुड्यांची श्वसनसाधने : स्कूबा व रिब्रीदर यांचा तौलनिक विचार

बीड जिल्ह्यात सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणात सप्टेंबर २०२२ मध्ये बुडालेल्या व्यक्तीचा शोध घेताना बचाव पथकातील एका जवानाचाही मृत्यू झाला. या पार्श्वभूमीवर पाणबुड्यांच्या श्वसनसाधनांचा विचार अगत्याचा ठरतो.

प्रचलित स्कूबा संचात उच्छ्वास बुडबुड्यांच्या रूपाने पाण्यात सोडला जातो. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, तर उच्छ्वासात सुमारे १६ टक्के. म्हणजेच त्याचा मोठा भाग वाया जातो. शिवाय १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होत असल्याने हवाही दुप्पट वेगाने संपते. याउलट रिब्रीदरमध्ये सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि वापरलेल्या ऑक्सिजनची भरपाई होऊन तोच वायू पुन्हा श्वासासाठी मिळतो. परिणामी लहान सिलिंडरवर दीर्घकाळ पाण्याखाली राहता येते.

तथापि रिब्रीदरमधील ऑक्सिजन घटल्यास श्वास नेहमीसारखाच चालू राहतो व पाणबुड्या पूर्वसूचनेविना बेशुद्ध होऊ शकतो. गढूळ पाण्यात मापकावरील आकडे वाचणेही दुरापास्त असते. स्कूबामध्ये हवा संपत आली की श्वास ओढणे जड जाते. ही सूचना उशिराची असली तरी अंधारातही कळते.

सबब धरणांतील अल्पकालीन शोधकार्यासाठी स्कूबा संच, स्वतंत्र राखीव सिलिंडर आणि वरील सहकाऱ्याच्या हाती दोर हीच व्यवस्था अधिक ग्राह्य वाटते.