अठरा मीटरवर लपणारी चूक

मावळातल्या शिरगावला बाहेरचे लोक ओळखतात ते प्रति-शिर्डीमुळे आणि शेजारच्या गहुंजेला क्रिकेटच्या मैदानामुळे. त्या मैदानावर फलंदाजापासून सीमारेषा जेवढी लांब असते, साधारण तेवढ्याच अंतरावर, म्हणजे ७० मीटरवर, ऑलिंपिकमधल्या तिरंदाजासमोर टार्गेट उभं असतं. त्याचा व्यास १२२ सेंटिमीटर आणि दहा गुण देणारं मधलं वर्तुळ फक्त १२.२ सेंटिमीटरचं. तिरंदाजाच्या डोळ्याला हे वर्तुळ एका अंशाच्या जेमतेम दहाव्या भागाएवढं दिसतं. नेम मध्यापासून अंशाच्या विसाव्या भागाहून जास्त ढळला की दहा गुण हातचे गेले.

आता हेच गणित जवळ आणून पाहू. इनडोअर स्पर्धा १८ मीटरवर होतात. तिथे टार्गेट ४० सेंटिमीटरचं आणि दहाचं वर्तुळ ४ सेंटिमीटरचं. या वर्तुळाच्या अगदी कडेला लागलेला बाण कागदावर पूर्ण दहा गुण मिळवतो. दिशेची तेवढीच चूक ७० मीटरवर केली, तर बाण मध्यापासून पावणेआठ सेंटिमीटर लांब जातो आणि नऊवर समाधान मानावं लागतं. फरक एकाच गुणाचा, म्हणून कुणी म्हणेल, अंतर वाढलं तशी चूक वाढली, त्यात विशेष काय?

विशेष हे, की सगळ्या चुका अंतराच्या प्रमाणात वाढत नाहीत. दिशेची चूक सरळ प्रमाणात वाढते, पण वेगाची चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. ऑलिंपिकमध्ये वापरतात त्या रिकर्व्ह धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला ५७ मीटरच्या आसपास वेग घेतो, असं धरू. हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर १८ मीटर कापायला त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षण त्याला अर्धा मीटर खाली ओढतं. ७० मीटरला सव्वा सेकंद लागतो आणि बाण नेमाच्या सरळ रेषेपासून तब्बल साडेसात मीटर खाली येतो. दुमजली घराच्या उंचीएवढी ही घसरण भरून काढण्यासाठी धनुष्यावरची साइट (नेम धरायची खूण) खाली घेतात, म्हणजे नेम धरताना हात आपोआप वर उचलला जातो.

समजा, एखादा बाण नेहमीपेक्षा फक्त एक टक्का मंद सुटला. १८ मीटरवर तो एक सेंटिमीटर खाली लागेल. गुण दहाच. ३० मीटरवर पावणेतीन सेंटिमीटर. ७० मीटरवर मात्र जवळजवळ १५ सेंटिमीटर खाली, म्हणजे आठ गुण. जवळच्या अंतरावर जी चूक कुणाच्या लक्षातही आली नसती, ती लांब गेल्यावर दोन गुण घेऊन जाते. लांबच्या टार्गेटवर ‘नेम चुकतोय’ म्हणणाऱ्या मुलाचा नेम बऱ्याचदा बरोबर असतो. बिघडलेली असते ती खेच.

एक टक्का वेग कमी व्हायला फार काही घडावं लागत नाही. दोरी पाच-सहा मिलिमीटर कमी खेचली, तरी पुरे. म्हणूनच रिकर्व्ह धनुष्यावर क्लिकर नावाची धातूची पातळ पट्टी असते. बाणाचं टोक तिच्याखाली सरकवलेलं असतं. तिरंदाज दोरी हनुवटीपर्यंत आणतो, बोटं जबड्याखाली टेकतात, दोरी नाकाच्या टोकाला आणि ओठांना स्पर्श करते, साइट टार्गेटच्या मधल्या पिवळ्या वर्तुळावर स्थिरावते. तरीही बाण सुटत नाही. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर हातानं नव्हे, पाठीनं खेचायचे असतात. खांद्यांची पाती एकमेकांकडे सरकतात, टोक पट्टीखालून निसटतं, ‘टिक’ असा आवाज येतो आणि बोटं सैल होतात. प्रत्येक बाणाची खेच सारखी ठेवणारं हे साधन आहे. जो क्लिकरची वाट पाहत ताटकळतो, त्याचा हात थरथरायला लागतो. जो आवाजाच्या आधीच सोडतो, त्याचा बाण कुठे जाईल ते सांगता येत नाही.

ही लय बसवायला टार्गेट लागत नाही, उलट ते आड येतं. त्यामुळे चांगले प्रशिक्षक सुरुवात तीन ते पाच मीटरवरच्या कोऱ्या बटसमोर करतात. त्यावर टार्गेटचा कागदच नसतो. कधी कधी डोळेही मिटायला सांगतात. गुण नाहीत, वर्तुळं नाहीत. फक्त उभं राहणं, खेच, अँकर (हात दर वेळी हनुवटीशी त्याच जागी टेकवणं), सोडणं आणि सोडल्यानंतर बाण लागेपर्यंत धनुष्याचा हात जागच्या जागी ठेवणं. मुलांना हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि पालकांना तर वेळ फुकट गेल्यासारखा. पण अनुभवी तिरंदाजही सराव इथूनच सुरू करतात.

त्यानंतर १८, मग ३०, मग ५० आणि शेवटी ७०. प्रत्येक अंतराला काम वेगळं. १८ मीटरवर पाहायचं ते ग्रुपिंग, म्हणजे बाण एकमेकांच्या किती जवळ लागतात ते. मध्यापासून लांब, पण एका जागी लागलेले सहा बाण हे चांगलं लक्षण आहे, कारण उरलेलं काम साइट करते. डोळ्यापासून साइट साधारण ८५-९० सेंटिमीटरवर असते. ती एक मिलिमीटर सरकवली, की १८ मीटरवर बाण दोन सेंटिमीटर सरकतो आणि ७० मीटरवर आठ सेंटिमीटर. नवखा तिरंदाज एक बाण भरकटला की लगेच साइटला हात लावतो. हे टाळायलाच हवं. एका बाणावरून काहीच ठरत नाही. सहा किंवा बारा बाणांचा मध्य कुठे पडतो ते पाहून मगच साइट हलवावी.

३० मीटरवर बाण आणि धनुष्याचं जमतं का, ते कळतं. दोरीचा धक्का बसताच बाण वाकतो आणि माशासारखा वळवळत धनुष्याला वळसा घालून पुढे जातो. तो किती ताठ असावा, हे धनुष्याच्या ताकदीवर ठरतं. त्यामुळे काही बाण पिसांशिवाय मारून पाहतात. पिसांचे बाण एका जागी आणि बिनपिसांचे सतत एकाच बाजूला लागत असतील, तर दोष बहुधा साधनात असतो.

५० मीटरच्या पुढे वारा खेळात उतरतो. बाण जितका जास्त वेळ हवेत, तितका तो वाहून जातो. पावसाळ्यात मावळात पश्चिमेकडून येणारा वारा झोतांनी येतो. टार्गेटवरचा झेंडा एक सांगतो आणि तिरंदाज उभा असतो तिथला वारा दुसरं. शिरगावच्या परिसरात डोंगरउतारही आहेत. उतारावर गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबात धरायचं असतं ते आडवं अंतर: २० अंशांच्या चढावर ५० मीटर लांबचं टार्गेट ४७ मीटरवर असल्यासारखं मारावं लागतं.

रोज एकाच अंतरावर शेकडो बाण मारावेत की अंतरं आलटून पालटून? जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवून एक प्रयोग केला. एका गटानं एकेक हालचाल पूर्ण घोटून घेतली, दुसऱ्यानं तिन्ही मिसळून सराव केला. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे होता. नंतर परीक्षा घेतली तेव्हा दुसरा गट सरस ठरला. प्रयोग तिरंदाजीचा नव्हता, पण लांबच्या सरावात मधूनच १८ मीटरवर येऊन पुन्हा मागे जाणं उपयोगी का पडतं, याचा धागा त्यात सापडतो. पाया कच्चा असताना मात्र अशी अंतरं बदलू नयेत.

महाराष्ट्राकडे या खेळातली उदाहरणं घरचीच आहेत. बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत ५ ऑगस्ट २०२३ रोजी साताऱ्याच्या अदिती स्वामीनं मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला १४९-१४७ असं हरवलं आणि सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारातली जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. दोघांनीही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे धडे घेतले आहेत. कंपाउंड धनुष्याला चाकं असतात, बाण सेकंदाला ९० मीटरच्या आसपास जातो आणि अंतर ५० मीटर. घसरण दीड मीटरचीच, त्यामुळे वेगातली एक टक्का चूक तीन सेंटिमीटरवर थांबते. दहाचं वर्तुळ तिथे ८ सेंटिमीटरचं, म्हणजे बाण अजून आतच. तिथे एवढी चूक गुणफलकावर दिसतच नाही. पण ओळीनं पंधरा वेळा दहा मारायला शांत बोटं लागतात आणि ओजसचं मोठेपण त्यातच आहे.

रिकर्व्हची निर्दयता पाहायची असेल, तर फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव आठवावा. टोकियो ऑलिंपिकमध्ये २८ जुलै २०२१ रोजी त्यानं जागतिक क्रमवारीत दुसऱ्या असलेल्या गालसान बाझारझापोव्हला ६-० नं हरवलं आणि त्याच दिवशी अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनकडून ६-० नंच हरला. तीन-तीन बाणांच्या सेटमध्ये एखादा आठ गुणांचा बाण अख्खा सेट घेऊन जातो.

शरीराचाही हिशेब आहे. पात्रता फेरीत ७२ बाण मारायचे असतात. दर वेळी बोटांवर २० किलोंचा ताण धरला, तर बेरीज १,४४० किलो होते. त्यात सराव आणि सामने वेगळे. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती जड धनुष्य देऊन त्याला लवकर ७० मीटरवर उभं करणं म्हणजे खांदा आणि खेच दोन्ही बिघडवणं.

लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येते आहे, त्यामुळे येत्या काळात गावोगावी मुलांच्या हाती धनुष्य दिसेल. पालकांना एवढीच विनंती: मुलगा किंवा मुलगी शिकायला लागल्यावर प्रशिक्षकाला ‘७० मीटरवर कधी उभं करणार?’ असं विचारू नका. ‘१८ मीटरवर सहा बाण किती जवळ लागतात?’ असं विचारा, त्याची नोंद वहीत ठेवा आणि मैदान निवडताना टार्गेटच्या मागे मातीचा उंच बांध आहे ना, हे आधी पाहा.