‘घरीच होते’ असं लिहू नका!

लग्नाआधी आपल्यापैकी बहुतेकींचा एक बायोडाटा तयार झालेला असतो. उंची, वर्ण, रास, नाडी, देवक, मामाचं आडनाव. तो आपण लिहिलेला नसतो. वडिलांनी किंवा काकांनी लिहिलेला असतो आणि चार घरांतून फिरून आलेला असतो. त्यानंतर मात्र कुणी आपल्याला बायोडाटा मागत नाही. मुलं मोठी होतात, घरखर्चाला हातभार लावावासा वाटतो आणि एक दिवस जाहिरात दिसते : ‘बायोडाटा घेऊन समक्ष भेटा.’ कागद पुढ्यात घेऊन बसलं, की तिसऱ्या ओळीला गाडी अडते. नाव, पत्ता, बी. कॉम. झालं. पुढे काय?

आमच्या शेजारच्या वहिनींचं हेच झालं. 2008 साली बी. कॉम. झाल्या, दोन वर्षं एका दुकानात हिशेब लिहिले, मग पहिल्या बाळंतपणात नोकरी सुटली ती सुटलीच. 2025 साली थोरली दहावीत गेली. तिच्या क्लासची फी ऐकून वहिनींनी ठरवलं, आता आपणही बाहेर पडायचं. एका कार्यालयात भेटीला गेल्या. तिथल्या साहेबांनी सरळच विचारलं, “मधली पंधरा वर्षं काय केलंत?” वहिनी म्हणाल्या, “काही नाही, घरीच होते.” साहेबांनी कागद बाजूला सारला. घरी न जाता वहिनी थेट माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याला टेकून रडल्या.

मी चहा टाकला आणि मुलाची वही ओढून घेतली. म्हटलं, वहिनी, एकेक साल सांगा बरं. धाकटा अंगणवाडीत गेला त्या वर्षापासून सुरू करा.

मैत्रिणींनो, तासाभरात दोन पानं भरली! 2013 ते 2019 पाचवी ते सातवीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या, एका वेळी आठ मुलं. 2016 पासून सोसायटीचे हिशेब : चोवीस बिऱ्हाडांकडून दरमहा पैसे गोळा करायचे, पावत्या फाडायच्या, बँकेत भरायचे, वर्षाअखेर ऑडिटरपुढे वह्या ठेवायच्या. बचत गटाच्या खजिनदार, चौदा बायका, बँकेच्या खात्यावर यांची सही. वहिनी म्हणतात, “अहो ताई, पण ते काय काम आहे? ते तर असंच!” आता दुकानातल्या दोन वर्षांच्या हिशेबाला त्या नोकरी म्हणत होत्या आणि सोसायटीच्या नऊ वर्षांच्या हिशेबाला ‘असंच’!

दोष त्यांचा एकटीचा नाही म्हणा. 2001 च्या जनगणनेत घर सांभाळणाऱ्या स्त्रियांना भिकारी आणि कैदी यांच्या रांगेत अनुत्पादक म्हणून बसवलं होतं. 2010 साली एका गृहिणीच्या अपघाती मृत्यूच्या भरपाईचा दावा सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा न्यायमूर्तींनी यावर कडक ताशेरे ओढले. सरकारी कागदच असं म्हणत असेल, तर आपल्या तोंडून ‘काही नाही’ येणारच.

आता लिहायचं कसं? आजकाल काहीजणी उत्साहाने ‘गृहव्यवस्थापक’ किंवा ‘घराची संचालिका’ असं लिहितात. मला विचाराल तर हे नको. वाचणारा गालात हसतो आणि पुढचं खरं कामही त्याला खोटं वाटू लागतं. डबे भरले, पाहुणे केले, हे लिहायची गरज नाही. दुसऱ्यांचं, ठरलेल्या वेळेत, जबाबदारीने केलेलं काम तेवढं निवडा, मग त्याचे पैसे मिळालेले असोत वा नसोत. साल घाला, आकडा घाला. ‘सामाजिक कार्याची आवड’ या शब्दांनी काही कळत नाही. ‘2016 पासून 24 सदनिकांच्या सोसायटीचे मासिक हिशेब व बँक व्यवहार’ म्हटलं की चित्र उभं राहतं.

मधली वर्षं लपवू मात्र नका. सालं गाळली तर पहिला प्रश्न त्याचाच येतो. एक ओळ पुरे : ‘2010 ते 2025 मुलांचे संगोपन व घरातील आजारी व्यक्तीची शुश्रूषा यासाठी पूर्णवेळ घरी; आता पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध.’ सासूबाईंना कसला आजार होता, हे लिहायचं नाही. माफीही मागायची नाही. नवऱ्याचा हुद्दा, मुलांची संख्या, वजन-उंची हे सगळं लग्नाच्या बायोडाटात शोभतं, इथे नको.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो नावाचा. गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार कार्ड सासरच्या नावाचं. वर आताचं नाव लिहा आणि शिक्षणाच्या ओळीत ‘प्रमाणपत्र माहेरच्या नावे’ असं लिहून ते नाव द्या. सोबत विवाह नोंदणीचा दाखला ठेवा. काही ठिकाणी राजपत्रात छापून आलेला नावबदल मागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून नोकरी शोधायच्या आधीच त्याच्या मागे लागा. दहावी-बारावीची गुणपत्रिका वाळवीने खाल्ली असेल तर मंडळाच्या विभागीय कार्यालयाकडून दुसरी प्रत मिळते. टायपिंगची जुनी परीक्षा दिली असेल, मराठी 30 किंवा इंग्रजी 40, तर तीही लिहा. कारकुनी जागांना ती अजून विचारतात. संगणक येत असेल तर नेमकं काय येतं ते लिहा. येत नसेल तर एमएस-सीआयटीच्या वर्गाला नाव घाला आणि ‘शिकत आहे’ लिहा, पण खरंच शिका हं!

मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. वहिनींनी पहिल्या कागदावर भाऊजींचा दिला होता. कार्यालयातून फोन आला तो भाऊजींना, बसमध्ये, आणि रात्री जेवताना त्यांना तो आठवला. ईमेलचा पत्ताही मुलाचा नको, आपला उघडून घ्या. आणि सगळं एका पानात बसवा.

शेवटी कागद मोठ्याने वाचायचा. वहिनींना मी चार वेळा वाचायला लावला, कारण लिहिलेलं वेगळं आणि साहेबांसमोर तोंडातून निघणारं वेगळं. चौथ्यांदा मी विचारलं, “मधली वर्षं काय केलंत?” तर म्हणाल्या, “नऊ वर्षं सोसायटीचे हिशेब पाहिले. वह्या आणल्यात, दाखवू?”

पहिल्या दोन ठिकाणी नकारच आला. एका ठिकाणी वय जास्त म्हणाले. तिसरं एका पतसंस्थेतलं काम, सकाळी दहा ते दुपारी तीन, पगार त्यांनी मनात धरला होता त्याहून कमी. तिथल्या बाईंनी वह्याच पाहायला मागितल्या. जाहिरातीत ‘पदवीधर’ एवढंच होतं, पण वह्यांवरूनच प्रश्न झाले, असं वहिनी सांगतात. सोसायटीचे हिशेब अजून त्याच पाहतात, रविवारी सकाळी. आणि यंदा त्यांनी सभेत त्याचं मानधन मागितलंय.