आईचा ओटा, माझं सिंक

किचनचं काम काढायचं म्हणजे ट्रॉल्या आणि टाइल्स निवडायच्या, एवढीच माझी समजूत होती. टेप नेमकी कुणाला लावायची, हे मला काम अर्ध्यावर आल्यावर कळलं.

‘किचनचं काम काढलंय,’ असं मी ऑफिसमध्ये जाहीर केलं आणि लंच टेबलवर शोकसभेसारखी शांतता पसरली. मग एकेकाचे अनुभव सुरू झाले. कुणाचा कॉन्ट्रॅक्टर अॅडव्हान्स घेऊन गायब, कुणाच्या ट्रॉल्या पहिल्याच पावसात फुगलेल्या, कुणाचं ‘पंधरा दिवसांचं’ काम साखरपुड्यापासून बारशापर्यंत चाललेलं. ‘दिवाळीच्या आधी होईल ना पण?’ मी भाबडेपणाने विचारलं. ‘कुठल्या दिवाळीच्या?’ असं उत्तर आलं.

आमचं घर सिडकोत. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, इथे सिडको म्हणजे नुसतं महामंडळ नाही, अख्खा परिसर आहे. सिडकोने वसवलेलं नवीन नाशिक. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत नोकरीला लागलेल्या कितीतरी लोकांनी पै-पै जमवून इथे घरं घेतली. माझे बाबा त्यातलेच. आमचं किचन आठ बाय सात. कडाप्प्याचा ओटा, खाली फुलाफुलांचा पडदा, पडद्यामागे सिलिंडर आणि पिठाचे डबे, भिंतीवर स्टीलची मांडणी. आणि ओट्यासमोर जमिनीवर एक लाकडी पाट.

हा पाट बसायचा नाही, उभं राहायचा. आईची उंची चार फूट दहा इंच. ओटा ३४ इंच. त्यावर शेगडी, शेगडीवर कुकर. या घरात आल्यापासून ती त्या पाटावर चढून स्वयंपाक करत होती आणि आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया पाटावर चढतात.

गेल्या वर्षी मार्चमध्ये दूध उतू जातंय म्हणून ती घाईने वळली, पाट सरकला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. तेवढे दिवस स्वयंपाक मी केला, पाटाशिवाय. आणि तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, घरातला ओटा जवळपास माझ्या मापाचा होता. आयुष्यभर तिथे उभी राहिली होती ती.

‘स्टॅण्डर्ड हाइट’ची भानगड

तीन कॉन्ट्रॅक्टर घरी येऊन गेले. तिघांनीही आल्या आल्या टेप काढली आणि भिंती मोजल्या. आई शेजारीच चहाचा ट्रे घेऊन उभी होती, तिला कुणी मोजलं नाही. ओट्याच्या उंचीचा विषय काढला की तिघांचं उत्तर एकच, ‘स्टॅण्डर्ड घेऊ ना मॅडम.’

कुणाचं स्टॅण्डर्ड? हिशोब खरं तर सोपा आहे. सरळ उभं राहायचं, कोपर काटकोनात वाकवायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि त्यातून चार-पाच इंच वजा करायचे. तो तुमचा ओटा. आईचं कोपर ३६ इंचांवर. म्हणजे तिला ओटा हवा ३१ इंचांचा. गॅसच्या बाजूला तर उंची आणखी जपायला हवी, कारण शेगडीच चार-पाच इंच खाते. कुकरमधली डाळ घोटताना आईचा खांदा कानापर्यंत का जायचा, ते मला तेव्हा कळलं.

आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो, त्याचं मूळ शोधत गेलं तर आपण पोहोचतो १९२६ च्या जर्मनीत. फ्रँकफर्ट शहरातल्या नव्या कामगार वसाहतींसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्टने जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं किचन डिझाइन केलं. रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या किचनवरून तिने धडे घेतले, बाईची पावलं आणि मिनिटं वाचावीत म्हणून प्रत्येक गोष्टीची जागा ठरवली. अशी सुमारे १०,००० किचन्स तिथे बसली. गंमत म्हणजे, तेव्हा आपण ना कधी घर चालवलं होतं ना स्वयंपाक केला होता, हे तिने पुढे स्वतःच सांगून टाकलं. कामाचा विचार तिने बारकाईने केला, पण किचन सगळ्यांना एकाच मापाचं मिळालं. तेच ‘स्टॅण्डर्ड’ फिरत फिरत सिडकोत आलं असावं!

दुसरा लाडका शब्द ‘वर्क ट्रँगल’. सिंक, गॅस आणि फ्रिज यांना जोडणारा त्रिकोण. १९४० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात या कल्पनेवर काम झालं. तिन्ही बाजूंची बेरीज १३ ते २६ फूट असावी, असा नियम. आमच्या किचनमध्ये एका जागी उभं राहून तिन्हींना हात लागतो. तो विषय तिथेच संपला.

शेवटी ज्या कॉन्ट्रॅक्टरने ‘जमेल, पण दोन लेव्हल कराव्या लागतील’ असं म्हटलं, त्याला काम दिलं. कारण प्रश्न माझाही होता. ३१ इंचांवर भांडी घासायची तर माझी कंबर गेलीच म्हणून समजा. सिंकमध्ये हात आणखी सात-आठ इंच खाली जातात, त्यामुळे सिंकची बाजू उंच असलेलीच बरी. आमच्याकडे भांडी मी घासते. म्हणून गॅसची बाजू आईच्या मापाने ३१, सिंकची बाजू माझ्या मापाने ३५. नातेवाईक बघून म्हणाले, ‘हे काय, पायरी का ठेवलीय मध्ये?’

परात कुठे ठेवायची?

मग ट्रॉल्या. शोरूममध्ये सगळं कसं देखणं दिसतं. सहा कप, सहा ताटल्या, एक काचेची बरणी. आमच्याकडे काय आहे? आजीची पितळी परात, लग्नकार्यात निघणारी दोन पातेली, पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या, पोळपाट आणि पन्नास किलो गहू मावेल एवढी कोठी. नाशिकच्या भांडी बाजारातून आई-आजीने एकेक करून आणलेला हा संसार. तांब्या-पितळेसाठी या गावाचं नाव आहे आणि ते नाव राखायची जबाबदारी जणू आमच्याच घरावर होती.

आईने एका रविवारी सगळी भांडी हॉलमध्ये मांडली आणि सुताराला सांगितलं, ‘भाऊ, आधी परात मोजा, मग ट्रॉली करा.’ बरं झालं सांगितलं. ट्रॉलीची आतली खोली वीस इंच निघाली आणि परात बावीस. परातीसाठी ओट्याच्या टोकाला उभा कप्पा काढला. आज सगळ्यात जास्त कौतुक त्याच कप्प्याचं होतं.

सामानाच्या बाबतीत दोन गोष्टींवर मी अडून बसले. सिंकखालचं प्लायवूड मरीन हवं, त्यावर आयएस ७१० हा शिक्का हवा. हे प्लाय ७२ तास उकळत्या पाण्याची परीक्षा देऊन येतं. एमडीएफ दिसायला गुळगुळीत, पण पाणी पिऊन बिस्किटासारखं फुगतं. आणि ट्रॉलीच्या जाळ्यांचं स्टील ३०४ ग्रेडचं. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून ते गंजत नाही. २०२ ग्रेड दिसायला तसंच चकाचक, पण ओल्या भांड्यांखाली काही दिवसांत डाग पडतात. बिलावर ग्रेड लिहून घ्यायची. ‘एक नंबर माल आहे’ ही ग्रेड नव्हे!

वरचा दगड निवडताना मला पांढराशुभ्र क्वार्ट्झ हवा होता. फोटोत भारी दिसतो. पण वाचत गेले तसं कळलं, या कृत्रिम दगडात सिलिकाचं प्रमाण ग्रॅनाइटपेक्षा खूप जास्त असतं आणि कापताना उडणारी त्याची धूळ कारागिरांची फुप्फुसं कायमची निकामी करते. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा दगड वापरण्यावरच बंदी घातली. आमच्या अंगणात दगड कापणारा मुलगा तोंडाला रुमाल बांधून बसला होता. आम्ही ग्रॅनाइट घेतला. सिलिका त्यातही असतेच, म्हणून कापताना पाण्याची धार सोडायला लावली आणि त्याला चांगला मास्क आणून दिला. ग्रॅनाइट काळा, ‘ब्लॅक गॅलेक्सी’. आईचा त्यावर एकच आक्षेप, ‘काळ्यावर मुंग्या दिसत नाहीत.’

दोन इंचांची गोष्ट

काम सप्टेंबरात सुरू झालं. चूल गॅलरीत, फ्रिज हॉलमध्ये, मिक्सर बेडरूममध्ये. पिठलं-भात, खिचडी, पुन्हा पिठलं-भात. रविवारी मिसळ. गणपतीत सुतार गावाला गेला, पितृपक्षात टाइलवाला गायब झाला. तीन आठवड्यांचे सहा झाले. पण काम नीट चाललं होतं, त्यामुळे मी फार बोलले नाही.

ग्रॅनाइट बसला त्या संध्याकाळी मी ऑफिसमधून धावतच आले. कॉन्ट्रॅक्टर फोटो काढत होता. आई ओट्यासमोर उभी राहिली, शेगडी ठेवली, हात पुढे केला आणि तिचा खांदा वर गेला. अगदी पूर्वीसारखा. मी टेप लावली. ३३ इंच.

गवंड्याने खालचा आधार बरोब्बर ३१ इंचांवर बांधला होता. त्यावर कडाप्पा, सिमेंट आणि ग्रॅनाइट मिळून दोन इंच चढले. कोटेशनमध्ये मी लिहिलं होतं, ‘ओटा ३१ इंच’. कुठून कुठपर्यंत, ते लिहिलं नव्हतं. म्हणजे चूक निम्मी माझी.

‘दोन इंचांनी काय होतं ताई?’ कॉन्ट्रॅक्टर म्हणाला.

आणि आई लगेच म्हणाली, ‘राहू दे गं. पाट आहे की.’

ते ऐकून मला कसंतरीच झालं. सगळा खटाटोप ज्याच्यासाठी केला, तोच पाट परत येत होता आणि आणणारी आईच होती. मला ओरडायचं होतं, पण ओरडून दगड खाली येत नाही. मी टेप तिच्या कोपराला लावून त्याला आकडा दाखवला. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग आईला म्हणाला, ‘मावशी, खरंच दुखतो का हात?’

‘तीस वर्षं दुखतोय,’ आई म्हणाली. ‘सांगायचं कुणाला?’

हे मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

आमचं ठरलं ते असं. तोडायची आणि परत बांधायची मजुरी त्याची, सामान माझं. दगड काढताना एक तुकडा गेला, त्याचे पैसे निम्मे-निम्मे. आता खरं सांगते, हे एवढ्या गोडीत झालं ते केवळ त्याच्या चांगुलपणामुळे नाही. सुरुवातीला त्याने निम्मे पैसे अॅडव्हान्स मागितले होते. मी ३०-३०-३०-१० असे टप्पे पाडले होते आणि त्या दिवशी ४० टक्के रक्कम माझ्याकडे होती. चांगुलपणाला थोडा आधार लागतो!

आठ दिवस वाढले. वसुबारसेला नव्या ओट्यावर गॅस पेटला आणि पहिली चकली तळली गेली. आई दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभी होती.

काम काढण्याआधी हे वाचा

• उंची लिहिताना ‘तयार फरशीच्या वरपासून ग्रॅनाइटच्या वरपर्यंत’ असं लिहा. फरशीही बदलणार असाल तर आधी फरशी, मग ओटा.

• कोटेशनमध्ये प्लायचा आयएस नंबर, स्टीलची ग्रेड, बिजागऱ्या आणि चॅनलची कंपनी, सगळं लिहून घ्या. दर चौरस फुटाने आहे की रनिंग फुटाने, तेही विचारा.

• पैसे टप्प्याटप्प्याने द्या. शेवटचे १० टक्के काम संपल्यावर पंधरा दिवसांनी. तोपर्यंत सिंक गळतं का, ते कळतं.

• ओपन किचनच्या मोहात भिंत पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. जुन्या घरांत बऱ्याचदा छताचा भार भिंतीवरच असतो. आमची भिंत त्याने वाचवली. सोसायटी असेल तर लेखी परवानगी घ्या.

• टाइल्स लावण्याआधी प्लग पॉइंट मोजा. मिक्सर, ओव्हन, फ्रिज, प्युरिफायर, चिमणी. ओव्हनला १६ अॅम्पिअरचा वेगळा पॉइंट हवा. पाइप गॅसची लाइन यायची असेल तर तिचीही जागा सोडा.

• पैसे देऊन घेतलेलं काम ही ‘सेवा’ आहे. त्यात कसूर झाली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पण त्यासाठी हातात कागद हवा.

आणि सगळ्यात आधी, टेप भिंतीला लावू नका. जो तिथे रोज उभा राहणार आहे, त्याला लावा.

पाटाचं काय झालं, असं विचाराल. काम संपल्यावर आईने कॉन्ट्रॅक्टरला आणि सुताराला जेवायला बोलावलं. पुरणपोळी केली. डायनिंग टेबल अजून बिल्डिंगच्या गाड्यासारखं सामानाने भरलेलं होतं, म्हणून सगळे खाली बसले. कॉन्ट्रॅक्टरला पाट दिला. ‘बसा भाऊ,’ आई म्हणाली, ‘हा आता मोकळाच आहे.’