पँटीनस कल्याणला आला होता का?

मागच्या व्याख्यानात आपण रोमचा क्लेमेंट, अंत्युखियाचा इग्नेशियस आणि स्मुर्णाचा पॉलिकार्प यांची पत्रं पाहिली. प्रेषितांच्या लगेच नंतरची ती पिढी. आज थोडं पुढं, इसवी सन 180च्या सुमाराला यायचं आहे. कारण तिथं एक असं नाव भेटतं, जे काही अभ्यासक थेट आपल्या कल्याणशी जोडतात. म्हणजे हेंद्रेपाड्यातून निघालात तर लोकलनं अर्ध्या तासाच्या आतलं कल्याण!

हे नाव पँटीनस. अलेक्झांड्रियातल्या ख्रिस्ती विद्यालयाचा प्रमुख, मूळचा स्टोइक तत्त्वज्ञ. त्याचा एकही ग्रंथ आज हाती नाही. त्याचा शिष्य अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट (रोमचा तो वेगळा बरं का) सांगतो, की आपल्या गुरुजनांनी पेत्र, याकोब, योहान, पौल यांच्यापासून आलेली शिकवण जशी बापाकडून मुलाकडं यावी तशी पुढं दिली. आपल्याला हे परकं वाटायला नको. चक्रधरस्वामींनी स्वतः काही लिहिलं नाही, म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या म्हणून ‘लीळाचरित्र’ झालं. गुरू बोलतो, शिष्य लिहितो.

तर या पँटीनसबद्दल युसेबियस हा ख्रिस्तसभेचा पहिला मोठा इतिहासकार चौथ्या शतकाच्या सुरुवातीला लिहितो, की तो हिंदुस्थानात गेला होता. तिथं त्याला मत्तयाचं शुभवर्तमान हिब्रू लिपीत सापडलं. ते म्हणे बर्थलमय या प्रेषितानं तिथल्या लोकांपाशी ठेवलं होतं.

‘म्हणे’ हा शब्द मी पदरचा घातलेला नाही. युसेबियसच्या ग्रीक वाक्यात ‘असं सांगतात’ या अर्थाचे शब्द दोनदा येतात. सावध माणूस. पण चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम तीच गोष्ट सांगतो, तेव्हा हिंदुस्थानातून वकील आले होते, बिशप दिमेत्रियसनं पँटीनसला पाठवलं, तो ब्राह्मणांना उपदेश करायला गेला, असा तपशील वाढतो आणि ‘असं सांगतात’चा जोर ओसरतो. घटनेपासून दोनशे वर्षं लांब गेल्यावर माहिती वाढावी, ही जरा गंमतच.

मग कल्याण कुठून आलं? जहाजांचा मार्ग खरा होता, यात वाद नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात कल्याणचं नाव आहे. तिथं उतरणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, अशी तक्रारही आहे. कार्ल्याच्या लेण्यात यवनांचे दानलेख आहेत. यावर काहींनी पुढचा मजला चढवला: बर्थलमयाच्या कथेत ‘सुखी हिंदुस्थान’ असा उल्लेख येतो, आणि कल्याण या शब्दाचा अर्थही मंगल, सुख. म्हणून ते आपलंच कल्याण!

मला हा युक्तिवाद आवडतो, पण पटत नाही. ‘सुखी’ हे ग्रीकांचं ठरलेलं विशेषण दक्षिण अरबस्तानाचं होतं. त्याच ‘पेरिप्लस’मध्ये एडनच्या बंदराला तेच नाव आहे. त्या काळचे लेखक येमेन, इथिओपियालाही सर्रास ‘इंडिया’ म्हणत. हिब्रू लिपीतला ग्रंथ म्हटला की ती वाचणारे ज्यू हवेत, आणि येमेनमध्ये ते होते. आपल्या कोकणात बेने इस्राएल आहेत, अलिबागजवळच्या नवगावला त्यांचं जहाज फुटल्याची त्यांची परंपरा आहे. पण ती घटना कधीची, याला लेखी आधार नाही.

सगळ्यात मोठी अडचण क्लेमेंटचीच. ग्रीक लेखकांत बुद्धाचं नाव पहिल्यांदा त्याच्याकडं मिळतं. देवाच्या अस्थींवर उभारलेला मनोरा पूजणाऱ्या हिंदी साधूंबद्दलही तो लिहितो, म्हणजे बहुधा स्तूपच. हिंदुस्थानबद्दल इतकं लिहिणारा हा शिष्य, स्वतःचा गुरू तिथं जाऊन आल्याचं त्याच्या उपलब्ध लेखनात एका ओळीनंही सांगत नाही. आपले सर परदेशी जाऊन आले, तर विद्यार्थी गप्प बसतात का हो?

शांततेवरून काहीच सिद्ध होत नाही, हे तर्कशास्त्रात मी वर्षानुवर्षं शिकवत आलो. पण बोलायला इतकी चांगली संधी असताना पाळलेलं मौन जमेला धरावंच लागतं. म्हणून माझं मत असं: पँटीनस प्रवासाला गेला असेल, कल्याणला आला, असं म्हणण्याइतका पुरावा नाही.

हे ऐकून काही ख्रिस्ती श्रोत्यांना वाईट वाटेल. ‘तुमचा धर्म पोर्तुगिजांनी आणला’ हे त्यांना उठताबसता ऐकवलं जातं, तेव्हा बर्थलमयाचा आधार वाटणं साहजिक आहे. पण त्या टोमण्याला उत्तर द्यायला प्रेषित लागत नाही. सहाव्या शतकात, साधारण 550च्या सुमाराला, कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचाच एक माणूस नोंद करतो, की ‘कल्लियाना’ इथं इराणातून नेमलेला बिशप आहे. मलबारचा उल्लेख तो वेगळा करतो, म्हणून बहुतेक अभ्यासक हे ठिकाण आपलं कल्याणच मानतात. बिशप आहे म्हणजे त्याच्यामागं मंडळीही आली. वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 साली. मधलं अंतर साडेनऊशे वर्षांचं.